सैतानाची मावशी

"पण मिस व्हर्लीन, तिला शिंगं आहेत," टोबायस म्हणाला.

"आहेत ना. मग?"

"चर्चच्या अंगणात वाटायचंय आपल्याला. प्यायचं पाणी. आणि डब्यावर शिंगं."

त्याने रिकामा कॅन उजेडात धरून फिरवला, जणू दुसऱ्या बाजूने बघितलं तर शिंगं जातील. गेली नाहीत. डब्यावर एक जाडजूड बाई होती. फुलाफुलांचा एप्रन, नाकावर घसरलेला चष्मा, हातात लाकडी डाव, आणि अंबाड्याच्या दोन्ही बाजूंना दोन आटोपशीर शिंगं. खाली वळणदार अक्षरांत लिहिलं होतं, 'सैतानाची मावशी'. ही त्यांची सगळ्यात जास्त खपणारी बिअर. चित्र टोबायसनेच काढलेलं. ओहायोहून येऊन त्याने हा कारखाना काढला, तेव्हा कॅन भरायच्या मशीनवर दिवसभर त्याच्या डोळ्यांसमोर व्हर्लीन बकनर असायची, त्यामुळे नमुना शोधायला फार लांब जावं लागलं नाही. शिंगं तेवढी त्याने पदरची घातली. व्हर्लीन तेव्हा आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती. पुढच्या आठवड्यात तिने दोन कॅन घरी नेऊन खिडकीत मांडले.

"कोरे पांढरे कॅन मागवलेत मी," टोबायस म्हणाला. "परवा येतील. फार तर तेरवा."

"तहानेला तेरवा कळत नाही, पोरा," व्हर्लीन म्हणाली. "पलीकडे माणसं चिखलाचं पाणी पिताहेत, आणि तू चित्र बघत बसलायस."

टोबायस शरमला. त्याने मशीन सुरू केलं. व्हर्लीनला स्वतःचंच कौतुक वाटलं. ती बोलली त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. सूडही उगवायचा आणि वर पुण्यही पदरात पाडून घ्यायचं, असा योग माणसाच्या आयुष्यात एखाद्याच वेळी येतो, आणि तो आला तेव्हा ती कामावर हजर होती.

वादळ समुद्रावरून आलं होतं. समुद्र तिथून गाडीने दिवसभराच्या वाटेवर, त्यामुळे डोंगरातल्या लोकांनी त्याची दखल घेतली नव्हती. त्याने मात्र त्यांची घेतली. पलीकडच्या सावरवुड खोऱ्यातला ओढा, ज्यात एरवी कोंबडीचेसुद्धा पाय नीट भिजत नसत, तो एका सकाळीत पूल घेऊन गेला, पोस्ट ऑफिस घेऊन गेला, आणि पोस्टाच्या जागी कुणाचं तरी गॅरेज आणून ठेवून गेला, आतल्या गाडीसकट. नळाचे पाइप जमिनीतून आतड्यांसारखे बाहेर आले. विहिरी बुडाल्या. पेट्रोल पंपाची जमिनीखालची टाकी वर येऊन तरंगत निघून गेली आणि जाता जाता सगळ्या खोऱ्यावर डिझेल शिंपडून गेली. आरोग्य खात्याच्या बाई खेचरावर बसून आल्या आणि सांगून गेल्या की उकळल्याने जंतू मरतात, डिझेल मरत नाही. खेचराने तिथलं पाणी हुंगून तोंड फिरवलं होतं. लोकांना बाईंपेक्षा ते जास्त पटलं.

बिअरचा कारखाना डोंगराच्या या अंगाला, उंचावर. स्वतःची खोल बोअर, स्वतःचा जनरेटर, पाणी गाळायची मोठी यंत्रं. टोबायसने बिअरची टाकी गटारात सोडली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले होते. मग टाकी, नळ्या, मशीन सगळं उकळत्या पाण्याने तीनदा धुतलं. तरी पाण्याला पावासारखा मंद वास राहिलाच.

व्हर्लीन मूळची सावरवुडची. सतरा वर्षांपूर्वी तिचा नवरा क्लेट लाकडाच्या गिरणीत हात गमावून घरी बसला, आणि तिने डोंगर ओलांडून या कारखान्यात नोकरी धरली. सावरवुडच्या जिल्ह्यात दारूबंदी, आणि चर्चचा नियम त्याहून कडक: दारू पिणाऱ्याचं, विकणाऱ्याचं आणि बनवणाऱ्याचं नाव कमी करायचं. महिन्याच्या बैठकीत डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा चर्चचा कारभारी, ऑर्व्हल गॅसवे उभा राहिला आणि त्याने ठराव मांडला. तिथे अनुमोदन मिळाल्याशिवाय ठराव पुढे सरकत नाही. कुणी तोंड उघडेना. खोकला आलेल्यांनीही तो गिळून टाकला. इतका वेळ गेला की ऑर्व्हल खाली बसायला लागला. तेवढ्यात पुढच्या बाकावरून आवाज आला, "माझं अनुमोदन."

तो आर्डिथचा होता. व्हर्लीनची सख्खी थोरली बहीण.

त्या दिवसापासून दोघी बोलल्या नव्हत्या. क्लेट गेला तेव्हा आर्डिथने सफरचंदाचा केक पाठवला होता, निरोप काहीच नाही. व्हर्लीनने तो कुत्र्याला घातला. कुत्र्याने खाण्याआधी एकदा तिच्याकडे पाहून घेतलं.

आता व्हर्लीनला फार काही नको होतं. आर्डिथने सगळ्या चर्चदेखत तो कॅन हातात घ्यावा, शिंगांसकट व्हर्लीनचं तोंड आपल्या तोंडाला लावावं, आणि गिळावं. एक घोट पुरला असता. दुसरा सोडून द्यायला ती तयार होती.

*

पिकअप चर्चच्या अंगणात थांबली तेव्हा गुडघाभर चिखल माखलेला आणि तरीही टाय लावलेला ऑर्व्हल पुढे आला. पाद्री ओढ्यापलीकडे अडकलेला, त्यामुळे देवाचा सगळा कारभार सध्या ऑर्व्हलकडे होता. त्याने एक कॅन उचलला.

"हे काय?"

"पाणी."

"हे पाणी झालं. हे काय?"

"मावशी."

"कुणाची?"

"लिहिलंय की खाली. चष्मा वाहून गेला का तुमचा?"

ऑर्व्हलने वाचलं आणि कॅन गरम असल्यासारखा परत ठेवला. मागे सगळं खोरं रांगेत उभं होतं. ओठ सुकलेले, डोळे खोल गेलेले. कुणीतरी म्हणालं, पेल्यात ओतून घेतलं तर चालेल. पण पेले धुवायलाही पाणी नव्हतं. कुणीतरी म्हणालं, मावशी चाकूने खरवडून काढू. दोघांनी करून पाहिलं, पण शिंगं जाईनात आणि चष्मा गेल्यावर ती जास्तच रोखून बघायला लागली.

तेवढ्यात मागून ड्यूई पुढे घुसला. ड्यूई सुतार. कॅन दिसताच त्याचा चेहरा उजळला. "अरे, मावशी!"

सगळ्यांनी वळून त्याच्याकडे पाहिलं.

"म्हणजे," ड्यूई म्हणाला, "कुणाची तरी मावशी असावी, असं आपलं चेहऱ्यावरून वाटतं."

त्याने एक फोडला आणि मान मागे टाकून संपवला. लोक त्याच्या गळ्याकडे बघत राहिले. मग एक बाई पुढे झाली. मग तिचा नवरा. थोड्या वेळात सगळं अंगण पीत होतं, तळहाताने शिंगं झाकून, एकमेकांकडे न बघता. ऑर्व्हल पिकअपच्या आडोशाला जाऊन प्याला. दोन.

तिसऱ्या कॅननंतर ड्यूई झुलायला लागला.

"ड्यूई, पाणी आहे ते," व्हर्लीन म्हणाली.

"मला माहितीय गं," ड्यूई तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "पण माझ्या पायांना कोण सांगणार? ते डबा बघून चालतात."

"आर्डिथ कुठाय?" व्हर्लीनने शक्य तितक्या सहज विचारलं.

"आतल्या स्वयंपाकघरात. घेवडा शिजवतेय सगळ्यांसाठी. आरोग्यवाल्या बाईंनी खेचरावरून आणलेल्या घागरभर पाण्यात. स्वतः मात्र घरच्या विहिरीचंच पिते, उकळून. तिच्या पाण्यावर इंद्रधनुष्य दिसतं, माहितीय? मी म्हटलं, बाई, ते डिझेल आहे. तर म्हणते, पूर ओसरल्यावर देवाने नोहालाही इंद्रधनुष्यच दाखवलं होतं."

आणि मग स्वयंपाकघराचं दार उघडून आर्डिथ बाहेर आली.

फुलाफुलांचा एप्रन. नाकावर घसरलेला चष्मा. अंबाडा. हातात लाकडी डाव.

रांगेतल्या लोकांनी तिच्याकडे पाहिलं. मग हातातल्या कॅनकडे पाहिलं. मग पुन्हा तिच्याकडे. ज्यांनी शिंगं झाकली होती त्यांनी हात काढून खात्री करून घेतली.

"मावशी आल्या," ड्यूई हळूच म्हणाला.

व्हर्लीनने आपल्या आखूड केसांवरून हात फिरवला. चित्र काढलं तेव्हा ती भरल्या अंगाची होती, अंबाडा घालायची. मधल्या वर्षांत तिने केस कापले, अंग उतरलं, मोतीबिंदू काढल्यावर चष्माही गेला. आर्डिथ मात्र दर वर्षाला थोडी थोडी त्या चित्राकडे सरकत गेली होती, आणि आज नेमकी येऊन पोचली होती. सतरा वर्षं घासून धार लावलेला सूड, आणि त्याच्यावर तोंड कुणाचं, तर आर्डिथचं.

"मी आहे ती!" व्हर्लीन मोठ्याने म्हणाली. "नीट बघा. माझ्यावरून काढलंय."

लोकांनी नीट पाहिलं. एक म्हातारी सांत्वन केल्यासारखं म्हणाली, "तुझंही काहीतरी आहे हो त्यात. कोपराजवळ."

आर्डिथने व्हर्लीनकडे पाहिलं नाही. तिने अंगणभर पडलेले रिकामे कॅन पाहिले. तिचे ओठ फुटले होते, कोपऱ्यात रक्त सुकलेलं.

"एक घे, आर्डिथ," कुणीतरी म्हणालं.

"दारूच्या डब्यातून? मी नाही घेत," आर्डिथ म्हणाली. "तुम्ही घेतलंत ते दिसतंय. आपापला हिशेब आपापला वर द्या. घेवडा होतोय." आणि ती वळली.

ती एवढंच बोलून गेली असती आणि लोकांनी पाणी पिऊन घेवडा खाल्ला असता. पण अख्ख्या अंगणात न प्यालेली ती एकटीच होती, आणि आता ते सगळ्यांना कळलं होतं. तहानलेल्या माणसाला क्षमा करता येते. न प्यालेल्या माणसाला करणं फार जड जातं.

"भगिनी आर्डिथ," ऑर्व्हल म्हणाला. दोन कॅन पोटात असल्याने त्याचा आवाज ओला होता. "जायच्या आधी एक. हे तोंड कोणाचं?"

त्याने कॅन तिच्यापुढे धरला. आर्डिथने चष्मा वर सरकवून बराच वेळ पाहिलं. मग मान वळवून, त्या दिवसात पहिल्यांदाच, तिने व्हर्लीनकडे पाहिलं.

माझी बहीण. दोन शब्द म्हटले असते तर सुटली असती. व्हर्लीनला वाटलं, आता म्हणेल. आता हिला म्हणावंच लागेल, सगळ्यांदेखत, की मला बहीण आहे. प्यायचं राहू दे, हे पुष्कळ आहे.

"तोंड आमच्या घराण्याचं आहे," आर्डिथ म्हणाली. "नाक आईचं. हनुवटी ब्युला आजीची. शिंगं कुठून आली ते मला नाही सांगता येत."

व्हर्लीनने दात ओठ खाल्ले.

*

चर्चच्या आत बाकांपर्यंत चिखल होता, म्हणून बैठक अंगणातच भरली. ऑर्व्हलने टाय सारखा केला. भगिनी आर्डिथ गॉस यांची तसबीर दारूच्या डब्यावर छापून राज्यभर विकली जात असल्याचं उघडकीस आलं आहे, त्याचा त्यांनी इन्कार केलेला नाही, तरी त्यांचं नाव कमी करावं, असा ठराव त्याने मांडला. पंधरा वर्षं ही बाई त्याचे शास्त्रवाचनातले उच्चार पहिल्या बाकावरून सुधारत होती, ते त्याने ठरावात घातलं नाही.

"अनुमोदन?"

कुणी बोललं नाही. प्यालेल्यांना लाज होतीच, पण तिला बाहेर काढण्याएवढी नव्हती. ओढ्याचा आवाज येत होता. स्वयंपाकघरातून घेवडा लागल्याचा वास यायला लागला. आर्डिथ डाव हातात धरून उभी होती, एखाद्या राणीने राजदंड धरावा तशी, फक्त त्याला घेवडा चिकटलेला.

ऑर्व्हल पाय बदलायला लागला. व्हर्लीनने ही शांतता ओळखली. ती हिच्यात एकदा बसली होती, दुसऱ्या बाजूला.

"माझं अनुमोदन!" ती ओरडली.

सगळी डोकी तिच्याकडे वळली.

"बाहेरच्या माणसाने बोलायचं नाही," ऑर्व्हल म्हणाला.

"बाहेरची? आत्ता माझं तोंड चाटून पुसून प्यालात तुम्ही सगळे!"

"तुझं नाव कमी झालेलं आहे, व्हर्लीन. सभासद नसलेल्याला अनुमोदन देता येत नाही."

"मग घाला परत नाव! मीच ठराव मांडते."

"बायकांना ठराव मांडता येत नाही. अनुमोदन देता येतं. आणि तेही सभासद असेल तर."

"मग मी मांडतो!" ड्यूई उठला. उठताना त्याने शेजाऱ्याचा आधार घेतला. "माझा ठराव. व्हर्लीनचं नाव परत घालावं. पाणी आणलंय तिने. डोंगर ओलांडून. स्वतःच्या हाताने भरून. आणि काय पाणी आहे!"

"बंधू ड्यूई, तू शुद्धीत नाहीस."

"कशाने नाही? पाण्याने?"

ऑर्व्हलने आठवून पाहिलं. पाणी प्यालेल्या माणसाने ठराव मांडू नये, असा नियम कुठेच नव्हता. त्याने सुस्कारा सोडला. कोण देतंय अनुमोदन, अशा आवाजात त्याने विचारलं, "अनुमोदन?"

"माझं अनुमोदन," आर्डिथ म्हणाली.

त्याचा प्रश्न संपायच्या आत आलं ते, जणू दाराशी उभंच होतं.

व्हर्लीनला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. ऑर्व्हललाही तसंच वाटलं असावं, कारण त्याने पुन्हा विचारलं. आर्डिथ पुन्हा तेच म्हणाली, जरा त्रासिकपणे, त्याचे उच्चार सुधारताना म्हणायची तशी.

"अनुकूल असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. प्रत्येक हातात कॅन होता, ठेवायला कोरडी जागाच नव्हती. सावरवुडच्या चर्चवर सैतानाच्या तीसेक मावश्या एकदम उंच झाल्या, डाव उगारून. ठराव मंजूर झाला.

"तर, भगिनी व्हर्लीन," ऑर्व्हल म्हणाला, आणि भगिनी हा शब्द त्याच्या घशातून वाकडा होऊन निघाला. "मघाशी एका ठरावाला तुम्ही काही म्हणत होता."

आता सगळे तिच्याकडे बघत होते. आर्डिथही. तिच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती, राग नव्हता. फुटलेले ओठ तेवढे होते, आणि खाली आजीची हनुवटी.

व्हर्लीन थांबली. अशा वेळी माणसाचं मन विरघळतं हे तिला माहीत होतं. तिने त्याला वेळ दिला. बस चुकलेल्या माणसाने रस्त्याकडे बघत उभं राहावं तशी ती आपल्याच आत बघत उभी राहिली. काहीच आलं नाही. सतरा वर्षांपूर्वीच्या त्या बैठकीतला बाकांच्या मेणाच्या पॉलिशचा वास मात्र आला, आणि मांडीवर ठेवलेले आपलेच हात दिसले.

"माझं अनुमोदन," ती म्हणाली. स्वच्छ, एकेक अक्षर सुटं.

ऑर्व्हलने मत मागितलं. एकदा वर गेलेले हात खाली घ्यायला वेगळा ठराव लागतो, असं बहुतेकांना वाटलं असावं.

आर्डिथने एप्रन सोडला, घडी केली, चौकोन नीट जुळवले. डाव ड्यूईच्या हातात दिला. "तळाला लागलंय, ढवळत राहा," म्हणाली. आणि निघाली. पिकअपच्या अगदी जवळून गेली, पण कॅनला हात लावला नाही.

व्हर्लीनला तिच्या मागे काहीतरी ओरडायचं होतं. पण नव्याने आलेल्या सभासदाशी सगळ्यांनी एकेक करून हात मिळवायचा, ही त्या चर्चची रीत. पूर आला म्हणून रीत थोडीच वाहून जाते. रांग लागली. चिखलाचे, ओले, पावाचा वास येणारे हात तिचा हात धरून वरखाली करू लागले. "परत आलीस, बरं झालं." "केस छान दिसतात गं आखूड." "क्लेटचं कळलं होतं, यायचं राहूनच गेलं." आणि प्रत्येकाच्या खांद्यावरून तिला दिसत होती ती पाठ, खचलेल्या रस्त्याच्या कडेकडेने, झुडपांना धरत, दोनदा थांबून, वर वर जाणारी. तिच्या हातात काही नव्हतं.

*

आर्डिथच्या घराकडे जाणारा रस्ता ओढ्याने अर्ध्यातच खाल्ला होता. व्हर्लीनने पिकअप खाली लावली, एक खोकं खांद्यावर घेतलं आणि चढ चढून पडवीत नेऊन आदळलं.

आर्डिथ खुर्चीत बसली होती. शेजारच्या गॅसच्या शेगडीवर पातेलं होतं, आणि पातेल्यातल्या पाण्यावर खरोखरच इंद्रधनुष्य होतं. सातही रंग.

"दिलंस अनुमोदन," आर्डिथ म्हणाली.

"दिलं."

"आवाज छान लागला. पार कुंपणापर्यंत. माझा कापला होता."

व्हर्लीनला हे माहीत नव्हतं. सतरा वर्षं तिने तो आवाज मनात ऐकला होता, आणि दर वेळी तो घंटेसारखा खणखणीत होता.

"मग मला आत घ्यायला अनुमोदन का दिलंस?" तिने विचारलं. "मी पुढे काय करणार ते दिसत होतं की तुला. आंधळी नव्हतीस."

"ठराव मांडायला कुणी उठतच नव्हतं," आर्डिथ म्हणाली. "दर महिन्याला जाऊन बसायचे. एकही बैठक चुकवली नाही, न्यूमोनिया झाला तेव्हासुद्धा. म्हटलं, आज कुणीतरी पुरुषमाणूस उठेल आणि तुझं नाव परत घालायचं म्हणेल. बाईला मांडता येत नाही. अनुमोदन तेवढं देता येतं." तिने ओठांवरून जीभ फिरवली. "शेवटी उठला तो ड्यूई. तोही पाण्यावर."

"आणि मी तुझंच नाव कमी केलं."

"ते तुझं. त्याचा ह्याच्याशी काय संबंध?"

व्हर्लीनने खोक्याचं तोंड फाडून उघडलं.

"आणि दारू वाईटच," आर्डिथ म्हणाली. "ते मत बदललंय असं समजू नकोस. उद्या पुन्हा विचारलं तरी तेच सांगीन."

"कोण विचारणार तुला? नाव कमी झालंय तुझं."

आर्डिथच्या नाकातून हसण्यासारखा आवाज आला. किंवा खोकला असेल. मग तो थांबेना. पोटाशी हात धरून ती वाकली, आणि व्हर्लीनने पाहिलं की तिच्या मनगटाची कातडी चिमटीत धरल्यासारखी उभी राहिली आहे. ही बाई आठवडाभर काय पीत होती ते पातेल्यात दिसत होतं.

"किती प्यालीस यातलं?"

"लागेल तेवढं."

"उद्या खेचरवाल्या बाईंना घेऊन येते. आणि तू त्यांना खरं सांगायचंस."

"मी कधी खोटं सांगितलंय?"

व्हर्लीनने पातेलं उचललं, कठड्याशी गेली आणि उलटं केलं. इंद्रधनुष्य उतारावरून चिखलात ओघळत गेलं.

"माझं पाणी सांडलंस."

"हो."

मागे झाकण फुटल्याचा बारीक आवाज झाला. जे बघायला ती डोंगर ओलांडून आली होती ते तिच्या पाठीमागे घडत होतं, आणि ती रिकामं पातेलं धरून ओढ्याकडे बघत उभी होती. तिला वळायला काहीच हरकत नव्हती. ती वळली नाही. घोटामागून घोट ऐकू येत राहिले, लहान मूल पितं तसे, मध्ये श्वास न घेता.

"पावाचा वास येतो," आर्डिथ थोड्या वेळाने म्हणाली.

"तीनदा धुतलंय."

"वाईट नाही म्हटलं मी."

व्हर्लीन उरलेली खोकी आणायला खाली गेली. दुसरं खोकं घेऊन वर आली तेव्हा आर्डिथ खुर्चीतून उठली होती. तिने जाळीचं दार पायाने उघडं धरलं होतं, एक हात चौकटीला टेकून, नजर पलीकडच्या डोंगरावर. व्हर्लीन तिच्या अंगाला अंग घासत आत गेली, खोकं ओट्याखाली ठेवलं, बाहेर आली.  तिसऱ्या खेपेलाही तसंच. चौथ्या खेपेला व्हर्लीनचा गुडघा कुरकुरायला लागला, आणि चढावर मध्येच थांबून तिने वर पाहिलं. आर्डिथचा पाय भाराने थरथरत होता, पण दार सताड उघडं होतं, आणि पुरामुळे खोऱ्यात माजलेल्या सगळ्या माश्या खुशाल आत जात होत्या.